स्नो ब्लोअर कुठून घ्यावा: डीलर की मोठ्ठं दुकान?

सांगलीकर_श्रूजबरी | १२ ऑक्टोबर, रात्री ९:४०

मंडळी, सल्ला पाहिजे. थोडं पाल्हाळ आहे, चहा घेऊन बसा.

आम्ही मॅसॅच्युसेट्समधे, वूस्टरच्या शेजारी श्रूजबरीला. तीन वर्षांपूर्वी अपार्टमेंट सोडून घर घेतलं. शाळा बघितली, किचन बघितलं, बेसमेंटला ओल आहे का तेपण बघितलं, ड्राइव्हवेकडे मात्र कुणी बघितलंच नाही. दोन गाड्या शेजारी मावतील एवढा रुंद, ७०-८० फूट लांब, आणि वर रस्त्याकडे उतार. पहिलं वर्ष फावड्याने काढलं. दुसऱ्या वर्षी कंबर म्हणाली बास. मग एका मोठ्या दुकानातून छोटा सिंगल स्टेज स्नो ब्लोअर (एकच पंखा स्नो ओढतो आणि तोच फेकतो) आणला, बॉक्स गाडीत घातला, घरी येऊन जोडला, एकदम खूष.

डिसेंबरात दोनदा मस्त चालला. फेब्रुवारीत मोठा स्नो झाला, गावाचा प्लाऊ (रस्त्यावरचा स्नो कडेला सारणारा ट्रक) येऊन गेला आणि ड्राइव्हवेच्या तोंडाशी कमरेएवढी भिंत घालून गेला, ओली, दगडासारखी. मी तिथे मशीन घातलं, दहा मिनिटांत जळका वास आणि पुढचा पंखा फिरायचा बंद. बेल्ट. दुकानात फोन केला तर परत करायचे तीस दिवस कधीच संपलेले, कंपनीला फोन करा. कंपनीला केला, ते म्हणाले ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटरला न्या. ते ४० मिनिटांवर. तिथला माणूस म्हणाला घेऊन या, पण आत्ता तीन आठवडे लागतील. म्हणजे मार्चमधे! मी फावडं उचललं, शेजारचा पोरगा ४० डॉलर घेऊन उरलेलं काढून गेला आणि आमच्या हिने आठवडाभर तोच विषय लावून धरला.

तर यंदा टू स्टेज घ्यायचाय (पुढचा स्क्रू स्नो आत ओढतो, मागचा पंखा लांब फेकतो), २४ इंची. मॉडेल ठरलंय, एरियन्स कंपनीचं. प्रश्न हा की तेच मॉडेल मोठ्या दुकानातपण आहे आणि इथून पंधरा मिनिटांवर एक डीलर आहे त्याच्याकडेपण. दोन्हीकडे किंमत साधारण सारखीच, दीड हजार डॉलरच्या वर. दुकानवाले बिनव्याजी हप्ते देतात, घरपोच आणतात. डीलर म्हणजे एक जुनं गोदाम, बापलेक चालवतात, शनिवारी बाराला बंद, रविवारी बंद, वेबसाइटवर फोटोपण धड नाहीत. हिचं म्हणणं दुकानातून घे, परत तरी करता येतं. माझं मन डीलरकडे. पण दुकानातलं मशीन आणि डीलरकडचं मशीन खरंच वेगळं असतं का, की ही नुसती डीलर लोकांनी पसरवलेली कंडी आहे?

मिशिगनचा_मामा | १२ ऑक्टोबर, रात्री ११:१५

भाच्या, पंचवीस वर्षं स्नो काढतोय, त्यामुळे बोलायचा हक्क आहे असं समजतो.

पहिलं, वेगळं असतं का. मॉडेल नंबर अक्षर न अक्षर जुळत असेल तर मशीन तेच. एकाच कारखान्यातून निघतं, एकाच पट्ट्यावर. दुकानासाठी आतून प्लास्टिकचे गिअर घालतात वगैरे जे ऐकतोस ना ते मॉडेल नंबर तोच असताना खरं नसतं. गोची अशी की बऱ्याच कंपन्या दुकानाला एक मालिका देतात आणि डीलरला दुसरी. रंग तोच, स्टिकर तोच, फक्त नंबरात एक अक्षर इकडे तिकडे. कब कॅडेटच्या ट्रॅक्टरांचं बघ, एक्सटी-वन दुकानात मिळतात आणि एक्सटी-टू डीलरकडे. जॉन डिअरचे १०० नंबरचे ट्रॅक्टर दोन्हीकडे मिळतात, पण एक्स-३०० च्या पुढचं काही पाहिजे असेल तर डीलरचंच दार. एरियन्सचीपण प्रोफेशनल मालिका डीलरकडेच बघायला मिळते. तेव्हा आधी नंबर बघ, मग भांड.

दुसरं, किंमत. सारखी का आहे? कारण कंपनी सांगते की याच्या खाली जाहिरात करायची नाही. त्यामुळे दुकानात स्वस्त पडेल हा समज या मालाला लागू होत नाही. उलट डीलरकडे तोंडी मागितलं तर तेलाची बाटली, शिअर पिनांचा (काही अडकलं की मुद्दाम तुटणाऱ्या खिळ्यांचा) एक सेट, कव्हर असलं काहीतरी तो वर देतो. किंमत कमी कर म्हणू नकोस, "अजून काय देताय" असं विचार. मंडईत कोथिंबीर मागतो तसं.

तिसरं आणि खरं. मशीन कारखान्यातून क्रेटमधे अर्धवट जोडून येतं. हँडल, चूट (स्नो बाहेर फेकणारं नळकांडं), केबली हे सगळं जिथे विकतात तिथे बसवतात. दुकानात हे काम बहुतेकदा बाहेरचा माणूस येऊन करतो, त्याला नगावर पैसे. एका दिवसात ग्रिलपण जोडायचे, सायकलीपण आणि स्नो ब्लोअरपण. तो काय केबल ताणून बघणारे का? टायरचं घे. वाहतुकीत क्रेट हलू नये म्हणून टायरमधे हवा जास्त भरलेली असते, ती उतरवून दोन्ही बाजूला सारखी करायची असते, मॅन्युअलमधे लिहिलेलं असतं. नाही केली तर मशीन एका बाजूला ओढतं आणि माणूस म्हणतो कंपनीच भिकार. चांगला डीलर हवा बघतो, खालचे स्किड शू (मशीन जमिनीवर घासू नये म्हणून लावलेल्या पट्ट्या) किती उंच ठेवायचे ते तुझा ड्राइव्हवे डांबरी आहे की खडीचा ते विचारून लावतो, तेल घालतो, दहा मिनिटं इंजिन चालवतो आणि मग तुझ्या हातात देतो. हे सगळं तुला स्वतःला येत असेल तर खुशाल दुकानातून घे, हप्ते बिनव्याजी आहेत ना, सोडू नकोस.

बॅटरीवाला | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:०५

पेट्रोल कशाला अजून? मी सॅन होजेला, लीफ ब्लोअर, मोअर, ट्रिमर सगळं एकाच बॅटरीवर. ना तेल ना कार्ब्युरेटर, डीलर लागतोच कशाला. बिघडलं की दुकानात नेऊन नवीन आणायचं.

टोरांटोचा_टिल्लू | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

@बॅटरीवाला सॅन होजेला किती इंच पडला हो गेल्या वर्षी? 😄

बॅटरीवाला | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:४१

हसा. आमच्या कॅलिफोर्नियात २०२४ पासून बनलेल्या नवीन मोअर, लीफ ब्लोअरना शून्य उत्सर्जनाची अट आहे, म्हणजे पेट्रोलचं नवीन विकायला जवळजवळ बंदच. घरी असलेलं जुनं वापरता येतं, दुकानात पडलेला आधीचा साठा विकता येतो. आज ना उद्या तुमच्याकडे पण येणार. ५६ व्होल्टचे टू स्टेज स्नो ब्लोअर आलेत, ते तरी बघा.

अनुजा_मिनेसोटा | १३ ऑक्टोबर, दुपारी १२:५०

बॅटरीचं एकदम उडवून लावू नका, माझ्या शेजारणीकडे आहे आणि चार-पाच इंच भुसभुशीत स्नोला छान चालतं. पण गारठ्यात बॅटरी लवकर उतरते, आणि ८० फुटी ड्राइव्हवेच्या तोंडाशी ती प्लाऊची भिंत असेल तर मधेच चार्जिंगला लावून कॉफी प्यायची तयारी ठेवा.

माझा अनुभव सांगते. नवरा महिन्यातले पंधरा दिवस फिरतीवर, त्यामुळे स्नो माझ्याकडे. उंची पाच फूट एक इंच. आधी मोठ्या दुकानात गेले, तिथे सगळी मशीनं बाहेर साखळीने बांधलेली, सुरू करून दाखवा म्हटलं तर पोरगा म्हणे पेट्रोल घालायची परवानगी नाही. ओढायचं कसं, वळवायचं कसं काही कळेना, त्याला पण आणि मला पण. मग एका डीलरकडे गेले. सत्तरीचा म्हातारा, कानाला पेन्सिल. त्याने मला आधी विचारलं वळवताना ताकद लागते हे माहीत आहे का. मागच्या अंगणात नेलं, दोन मशीनं सुरू केली, एकाला वळायला हँडलखाली खटके होते आणि दुसऱ्याला नव्हते. म्हणाला दोन्ही ढकलून बघ. ज्याला खटके नाहीत ते मी भिंतीवर नेऊन आदळलं असतं. हँडलची उंचीपण त्याने खाली करून दिली, पाना घेऊन, तिथल्या तिथे. माझं आडनाव त्याने बिलावर इतकं भयंकर लिहिलं की वॉरंटीच्या कार्डावर मी अजून कुणी दुसरीच बाई आहे.

पण महाराजा, दुकानापेक्षा शंभर डॉलर जास्तच गेले असतील, घासाघीस जमत नाही मला.

लेखणीबहाद्दर | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:३०

दोन मुद्दे, कारण दर वेळी या धाग्यांवर गोंधळ होतो.

एक, वॉरंटी ही कंपनीची असते, दुकानाची नव्हे. मशीन कुठूनही घेतलं तरी वॉरंटीतल्या कामाचे पैसे कंपनी ऑथराइज्ड डीलरला देते. त्यामुळे दुकानातून घेतलेलं मशीन डीलर वॉरंटीत दुरुस्त करू शकतो. करतो का आणि कधी करतो हा त्याच्या मर्जीचा भाग. आणि "तेल आमच्याकडूनच बदललं पाहिजे नाहीतर वॉरंटी जाईल" असं कुणी म्हणालं तर १९७५ चा मॅग्नुसन-मॉस कायदा आहे, सर्वसाधारणपणे अशी अट घालता येत नाही. पावत्या मात्र जपून ठेवा.

दोन, मूळ प्रश्नकर्ते श्रूजबरीला आहेत म्हणून. मॅसॅच्युसेट्सचा विक्रीकर सव्वासहा टक्के, न्यू हॅम्पशायरला विक्रीकर नाही. नॅशुआकडे डीलर आहेत. दीड-सोळाशेच्या मालावर शंभरेक डॉलर सुटतात. हे सांगितल्यावर हेही सांगितलं पाहिजे की मॅसॅच्युसेट्सच्या टॅक्स रिटर्नमधे यूज टॅक्सची (बाहेरून विक्रीकर न भरता आणलेल्या मालावरच्या कराची) ओळ असते आणि तिथे हे लिहिणं अपेक्षित आहे.

टोरांटोचा_टिल्लू | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:४४

@लेखणीबहाद्दर ती ओळ भरणारा माणूस तुम्हीच असणार याबद्दल शंका नाही.

लेखणीबहाद्दर | १३ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:५२

होय, भरतो.

सांगलीकर_श्रूजबरी | १३ ऑक्टोबर, रात्री १०:१०

वा, भरपूर माहिती. नॅशुआचं डोक्यात आलं होतं पण दुरुस्तीला परत तिकडे कोण नेणार. दोनशे पौंडाच्या वरचं धूड, माझ्याकडे ट्रक नाही, मिनीव्हॅन आहे.

मामा, "त्याच्या मर्जीचा भाग" हे जे लेखणीबहाद्दर म्हणाले ते खरंच असं असतं का हो? म्हणजे मला गेल्या वर्षी तीन आठवडे सांगितले ते त्यामुळेच?

मिशिगनचा_मामा | १३ ऑक्टोबर, रात्री ११:३०

असतं. त्याच्या जागी बसून बघ. स्नोच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारात चाळीस मशीनं. मेकॅनिक दोन. त्यातली पंधरा त्याने स्वतः विकलेली, ती माणसं दर वर्षी मोअरला ब्लेड लावायला, साखळीला धार करायला येतात, पोराच्या शाळेत भेटतात. उरलेली पंचवीस दुसरीकडून घेतलेली, आणि कंपनी वॉरंटीच्या कामाला जो तासाचा दर देते तो त्याच्या नेहमीच्या दरापेक्षा बऱ्याचदा कमी. कुणाचं आधी करणार? आमच्या इथल्याने तर भिंतीवर पाटीच लावलीय, आमच्याकडून घेतलेल्याचं काम आधी. मला पहिल्यांदा राग आला होता वाचून. नंतर माझं नाव त्या पंधरात गेलं आणि राग गेला.

पण सगळे डीलर संत असतात असं समजू नकोस. एकाने माझ्या मित्राकडून नुसता स्पार्क प्लग बदलायचे नव्वद डॉलर घेतले होते, "डायग्नोसिस" म्हणून. प्लग पाच-सहा डॉलरचा. म्हणून डीलर ठरवताना त्याचं शोरूम बघू नकोस, मागे जा. वर्कशॉपमधे कितीजण काम करतायत, तू विचारतोयस त्या ब्रँडची उघडलेली मशीनं आहेत का, बेल्ट, पिना, केबली असलं शेल्फवर आहे का मागवावं लागतं. विक्रीला ऑक्टोबरात सगळेच गोड बोलतात.

गावठी_देवगड | १४ ऑक्टोबर, सकाळी ७:१५ (भारतातून)

नमस्कार. तुमचा स्नो आम्ही फक्त फोटोत बघितलाय पण मुद्दा आमच्या गवतालापण तोच लागू पडतो म्हणून लिहितो.

आमची हापूसची कलमं. पावसाळ्यात गवत माणसाच्या छातीएवढं. गणपतीच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा कापावंच लागतं, नाहीतर कलमाखाली जाता येत नाही आणि सापाची भीती. गडी मिळत नाहीत म्हणून ग्रासकटर. पाच वर्षांपूर्वी मी ऑनलाइन मागवला, नाव नसलेल्या कंपनीचा, ५२ सीसी, नऊ हजारात. डीलरकडे नावाजलेल्या कंपनीचा तीस हजाराच्या घरात होता. म्हटलं तिप्पट पैसे कशाला.

पहिला महिना ठीक. मग स्टार्टरची दोरी तुटली, ती गावात बसवली. मग कार्ब्युरेटर. कुडाळला नेला, सावंतवाडीला नेला, सगळे म्हणतात पार्ट मिळत नाय, कंपनी कोणती? कंपनीचं नाव मलाच माहीत नव्हतं, बॉक्सवर एक आणि मशीनवर दुसरंच. आता तो पडवीत लटकलाय, त्याच्या पाइपावर कोंबडी बसते.

मग डीलरकडून रीतसर घेतला. त्याने पेट्रोलमधे टू-टी ऑइल किती घालायचं ते नुसतं सांगितलं नाही, लिटरला वीस मिली मोजायचं मापच दिलं. आधीच्या मशीनला मी अंदाजाने ओतत होतो. आणि जांभ्याच्या कातळावर ब्लेड लावू नको, नायलॉनची तार लाव, हेपण त्यानेच सांगितलं. ब्लेड जांभ्याला लागलं की काय होतं ते ज्याने बघितलंय त्यालाच माहीत, नडगीला दगड येतो तो गोळीसारखा.

अजून एक. महाडीबीटीवर शेती यंत्राला अनुदान आहे, पण आधी पूर्वसंमती घ्यायची, मग अधिकृत विक्रेत्याकडून जीएसटीच्या बिलावर यंत्र घ्यायचं. बिन नावाचं ऑनलाइन मागवून हे होत नाही. आधी घेऊन मग अर्ज करणारे आमच्याकडे बरेच फसलेत.

अनुजा_मिनेसोटा | १४ ऑक्टोबर, सकाळी ९:००

कोंबडीचा फोटो टाका ना प्लीज 😀

मिशिगनचा_मामा | १४ ऑक्टोबर, सकाळी ९:२५

देवगडकर, कार्ब्युरेटरचं कारण पेट्रोल असणार. आमच्याकडे पंपावरच्या पेट्रोलमधे दहा टक्के इथेनॉल, तुमच्याकडे आता वीस. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, कोकणातल्या हवेत तर विचारूच नका. मशीन दोन महिने टाकीत पेट्रोल ठेवून पडलं की आत डिंकासारखा थर बसतो आणि बारीक भोकं बुजतात. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि बंद पडेपर्यंत चालवा.

भाच्या, तुलापण हेच. एप्रिलमधे स्नो ब्लोअर तसाच ढकलून ठेवलास तर नोव्हेंबरात डीलरच्या त्या चाळिसात उभा राहशील. पेट्रोलमधे स्टॅबिलायझर (ते शिळं होऊ नये म्हणून घालायचं औषध) घाल नाहीतर सीझनच्या शेवटी डब्यातलं बिनइथेनॉलचं पेट्रोल वापर, महाग आहे, गॅलनला वीस-पंचवीस डॉलर पडतात, पण शेवटच्या टाकीपुरतं परवडतं. मेकॅनिक लोकांना विचार, निम्मी मशीनं त्यांच्याकडे शिळ्या पेट्रोलपायी येतात असं ते सांगतील. त्यात डीलरचा दोष नाही आणि दुकानाचापण नाही.

जुनाजाणता | १४ ऑक्टोबर, दुपारी १:१०

काही कंपन्यांनी हा प्रश्न स्वतःपुरता सोडवलाय. स्टिलची चेनसॉ अमेरिकेत त्या दोन मोठ्या साखळी दुकानांत मिळत नाही, २००७ मधे तर त्यांनी आमचा माल होम डेपो आणि लोज मधे का मिळत नाही अशा आशयाच्या जाहिराती पेपरात दिल्या होत्या, दुकानांची नावं घेऊन. विकणाऱ्याला दुरुस्तीपण आली पाहिजे हा हट्ट. (त्यांची भारतातली कंपनी पुण्याजवळ आहे, देवगडकरांनी नावाजलेल्या कंपनीचा म्हटलं ते हेच असेल का कुणास ठाऊक.) उलट होंडाने २०२३ मधे अमेरिकेसाठी लॉन मोअर बनवणंच बंद केलं, त्यामुळे आता ज्यांच्याकडे आहेत ते पार्टसाठी डीलरलाच धरून आहेत.

आणि एक मधली वाट कुणी बोललंच नाही. एस हार्डवेअर. ती मोठी साखळी दिसते पण मालकी दुकानदारांचीच, सहकारी तत्त्वावर. आपल्या साखर कारखान्यासारखं म्हणा, फक्त चेअरमनपदावरून मारामाऱ्या नसाव्यात. त्यातल्या बऱ्याच दुकानांत मागे दुरुस्तीचा कोपरा असतो, मालक गावातलाच असतो, आणि रविवारी उघडं असतं. श्रूजबरीच्या आसपास बघा.

टोरांटोचा_टिल्लू | १४ ऑक्टोबर, दुपारी २:००

सांगलीच्या माणसाला साखर कारखान्याचं उदाहरण दिलंत, आता तो शेअर्स कुठे मिळतात विचारणार.

माझं मत उलटं आहे बरं का सगळ्यांच्या. मी दुकानातून घेतला, सहा वर्षं झाली, एकदाही डीलरचं तोंड बघितलं नाही. बेल्ट यूट्यूब बघून बदलला, पाऊण तास आणि चार मराठी शिव्या. ज्याला पाना धरता येतो त्याने डीलरच्या नावाने गळा काढायची गरज नाही. ज्याला नाही येत त्याने डीलरकडे जावं. मशीनपेक्षा माणूस बघून ठरतं हे.

मिशिगनचा_मामा | १४ ऑक्टोबर, दुपारी २:२०

बरोबर बोलतोयस. फक्त भाच्याने पहिल्या पोस्टमधे बेल्ट म्हटलंय आणि फावडं उचललंय, त्यावरून मी काय ते ओळखलं.

सांगलीकर_श्रूजबरी | १४ ऑक्टोबर, रात्री ९:५५

मामा, एवढं उघड बोलायची गरज नव्हती 🙏

शनिवारी डीलरकडे जातो, मागचं वर्कशॉप बघतो. एस पण बघतो.

सांगलीकर_श्रूजबरी | १८ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

रिपोर्ट. हिला बरोबर नेलं, कारण नाहीतर आयुष्यभर ऐकावं लागलं असतं.

साडेदहाला पोचलो. समोर कुणीच नाही, मागून ग्राइंडरचा आवाज. मामांनी सांगितलं म्हणून सरळ मागे गेलो. तीन बाकं, तीन माणसं, एका बाकावर एक स्नो ब्लोअर पूर्ण उघडलेला, पिवळी चिठ्ठी बांधलेली, त्यावर तारीख आणि "पिन नव्हे बोल्ट" असं काहीतरी लिहिलेलं. मी विचारलं हे काय. तो मुलगा (पन्नाशीचा मुलगा, बाप पंचाहत्तरीचा) म्हणाला हे बघ आणि गिअरबॉक्स हातात दिला. कडेला तडा. झालं असं की पुढच्या स्क्रूला शिअर पिना असतात, मुद्दाम मऊ धातूच्या. दगड, पायपुसणं, बर्फात गोठलेलं वर्तमानपत्र असलं काही अडकलं की पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. त्या गिऱ्हाइकाची पिन तुटली, रविवार होता, त्याने हार्डवेअरच्या दुकानातून आपला कडक बोल्ट आणून ठोकला. पुढच्या वेळी वर्तमानपत्र अडकलं तेव्हा बोल्ट तुटला नाही, गिअरबॉक्स तुटला. दोन डॉलरच्या पिनेपायी चारशेचं काम. म्हातारा मागून म्हणाला, रविवारी आम्ही बंद असतो हा आमचाच दोष, म्हणून आता प्रत्येक मशीनबरोबर सहा पिना देतो.

हे ऐकून आमची ही एकदम पलटली. मला हळूच मराठीत म्हणाली, "इथूनच घे, हा माणूस खरं बोलतोय."

मग त्याने दाखवलं की मशीनला इलेक्ट्रिक स्टार्ट आहे म्हणजे बॅटरी नाहीये, घरातल्या प्लगला एक्स्टेन्शन कॉर्ड लावून सुरू करायचं, आणि नंतर कॉर्ड काढून ठेवायची. मी तीन महिने व्हिडिओ बघतोय, एकाने हे सांगितलं नव्हतं. चूटमधे स्नो अडकला तर हात घालायचा नाही, इंजिन बंद असलं तरी नाही, आत ताण राहिलेला असतो आणि पातं एकदम फिरतं. त्यासाठी मशीनलाच एक प्लास्टिकची काठी लावलेली असते. हे सांगताना त्याने आपला डावा हात दाखवला. दोन बोटं अर्धीच. मी पुढे काही विचारलं नाही.

किंमत तीच. तेल, पिना आणि घरी आणून देणं फुकट, मिनीव्हॅन बघून हसला तो. मी अजून काय देताय म्हटल्यावर टोपी दिली. वूस्टरला २०१५ च्या जानेवारीत एका वादळात साडेचौतीस इंच पडला होता त्याची गोष्ट अर्धा तास सांगितली ती वेगळी.

अनुजा_मिनेसोटा | १८ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:००

बोटांचं वाचून अंगावर काटा आला. माझ्याकडच्या काठीचा मी बागेत टोमॅटोला आधार म्हणून वापर केलाय, आजच काढून आणते.

गावठी_देवगड | १९ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

कोंबडीचा फोटो टाकलाय, बघा. टोपीचा फोटो तुम्ही टाका.

सांगलीकर_श्रूजबरी | ९ डिसेंबर, सकाळी ७:३५

धागा वर काढतो. काल रात्री पहिला स्नो, सहा-सात इंच. पहाटे कॉर्ड लावली, बटण दाबलं, सुरू. तोंडाशी प्लाऊची भिंत होती ती चार फेऱ्यांत पलीकडे, शेजाऱ्याच्या हद्दीत थोडी गेली, सॉरी म्हणून आलो. पंचेचाळीस मिनिटांत सगळं. आणि हो, एक पिन तुटली. पेपरवाल्याने टाकलेला रविवारचा पेपर खाली होता. नवीन पिन बसवली, मी स्वतः, टिल्लूशेठ, शिव्या फक्त दोन.

आता पाच उरल्या. त्या गराजमधे हरवतील म्हणून कुठे ठेवाव्यात यावर घरात वाद चाललाय. ही म्हणते देव्हाऱ्यात ठेव, तिथल्या वस्तू तू हलवत नाहीस.

मिशिगनचा_मामा | ९ डिसेंबर, सकाळी ८:०२

दोन हँडलला टेपने चिकटव. तीन देव्हाऱ्यात. आणि पेपर बंद कर.